मिरजकर बाईंची घरगाडी

हमरस्त्याला लागून बोरखडी नावाचं गाव आहे, आणि त्या गावात एक भोळा गडी राहायचा. नाव महिपती. भोळा म्हणजे किती, तर कुणी म्हणालं, जरा थांब, की हा थांबायचा. सांगणारा विसरून घरी जायचा, जेवायचा, झोपायचा, आणि महिपती चौकात उभाच. मग संध्याकाळी बहीण शोधत यायची. वय चाळीस, मिशा भरघोस, अंगात ताकद दोन माणसांची, कामाला कधी नाही म्हणायचा नाही. त्याच्यात खोट एकच होती. सांगितलेलं तो विसरत नसे.

ही कसली खोट, असं तुम्ही म्हणाल. ऐका तर खरं.

महिपतीच्या बहिणीचं नाव अनसूया आणि तिच्या नवऱ्याचं रंगनाथ सुतार. महिपती त्यांना दाजी म्हणायचा. दाजींचा गाड्यांच्या बॉड्या बांधायचा कारखाना होता. कंपनीकडून नुसती चेसिस यायची. चेसिस म्हणजे दोन लांब लोखंडी गर्डर, खाली चाकं, पुढे इंजिन आणि स्टेअरिंग, आणि वर आभाळ. त्यावर दाजी ट्रकचा हौदा बांधून द्यायचे. दाजींचं काम चोख आणि तोंड तिखट. मेहुण्याला त्यांनी कामावर ठेवलं होतं ते अनसूयेच्या शब्दाखातर, आणि ते तिला रोज एकदा तरी ऐकवायचे.

एक दिवस कारखान्यात मिरजकर बाई आल्या. हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. अर्ध्या गावाने त्यांच्या हातच्या छड्या खाल्लेल्या, महिपतीने जरा जास्तच. बाईंनी पस्तीस वर्षं पोरांना फळ्यावर कन्याकुमारी काढून दाखवली, तिथे तीन समुद्र कसे मिळतात ते रंगीत खडूने दाखवलं, पण स्वतः कधी कोल्हापूरच्या पुढे गेल्या नाहीत. आधी शाळा होती, मग आईचं आजारपण होतं, आणि आता सवड मिळाली तर पाठ गेली. अर्धा तास बसलं की कळ यायची. रेल्वेत वरच्या बाकावर चढता येत नव्हतं आणि खालच्यावर दिवसभर चार माणसं बसायची. त्यात डॉक्टरांनी मणक्याचं ऑपरेशन सांगितलं, तारीख दिली, आणि वर सांगितलं की त्यानंतर वर्षभर प्रवासाचं नाव काढायचं नाही.

बाई एकाहत्तर वर्षांच्या. पुढच्या वर्षाचं कोण सांगणार? त्यांनी एका मासिकात चाकांवरच्या घराचं चित्र पाहिलं होतं. ते कापून आणलेलं चित्र त्यांनी दाजींपुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "रंगनाथ, मला असं घर बांधून दे. मी त्यात झोपून कन्याकुमारीला जाणार. ऑपरेशनच्या आधी."

दाजींनी आयुष्यात घरगाडी बांधली नव्हती, पण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी बाईंना खाटेवर आडवं व्हायला सांगितलं आणि समजावून दिलं. इंजिन मागे असलेली गाडी घेतली तर पुढे शांतता असते, पण मागे भट्टी पेटते, धूळ बसते, आणि बिघाड झाला की आधी घरातलं सामान उचलावं लागतं. इंजिन मधोमध घेतलं तर वजन छान पडतं, पण घराच्या बरोबर मध्ये एक चबुतरा येतो आणि माणूस दिवसातून दहा वेळा ठेचकाळतो. इंजिन पुढे असलं तर त्याला वारा मिळतो, दुरुस्ती सोपी जाते, पण त्याचा ताप आणि आवाज पुढे बसणाऱ्याच्या मांडीवर. एक हवं तर एक सोडायचं, तिन्ही सुखं एका चेसिसवर बसत नाहीत, असं दाजी म्हणाले.

बाईंना रस्ता बघत जायचं होतं, म्हणून त्यांना पलंग पुढे, ड्रायव्हरच्या मागे लागूनच हवा होता. आवाज सोसेन, असं त्या म्हणाल्या. तर ठरलं असं. इंजिन पुढे. पुढे मोठी काच, ड्रायव्हरची खुर्ची, तिच्यामागे बाईंचा पलंग, मग ओटा, आणि अगदी शेपटाला, डाव्या कोपऱ्यात, बाथरूम. निघायचा मंगळवारही ठरला.

महिपती कोपऱ्यात उभा राहून सगळं ऐकत होता. बाईंना समुद्र दाखवायचा हे त्याला मनापासून पटलं. या कामात आपण मुळीच चुकायचं नाही, असं त्याने ठरवलं. इथूनच सगळं बिघडायला लागलं.

पहिलं काम होतं शहरातून चेसिस आणायचं. चालवायला ड्रायव्हर होता, महिपतीने फक्त सोबत जायचं. दाजींनी बजावलं की रस्त्याचं काम चालू आहे, इंजिनाला धूळ लागता कामा नये, नीट झाकून आण. महिपतीने ताडपत्री नेली. शिवाय घरून अनसूयेची गोधडीही नेली. त्याने इंजिनाला गळ्यापासून पायापर्यंत गुंडाळलं, रेडिएटरच्या तोंडावर गोधडी बांधली आणि वर दोरीचे सात वेढे दिले. ड्रायव्हर नको नको म्हणत होता, पण सांगितलं होतं दाजींनी, ड्रायव्हरने नाही. दहा किलोमीटरवर इंजिनातून वाफ यायला लागली. महिपतीने हात लावून पाहिला. इंजिन चांगलंच तापलं होतं. त्याला वाटलं ताप भरला, म्हणून त्याने आपल्या अंगातला स्वेटर काढून वरून घातला.

चेसिस ट्रॅक्टरमागे बांधून आणावी लागली. दाजींनी डोक्याला हात लावला. इंजिनाचं तोंड कधी झाकायचं नाही, ते म्हणाले, समोरून वारा लागला पाहिजे, वाऱ्यानंच ते थंड राहतं.

"बरं दाजी," महिपती म्हणाला, "पुढच्या वेळी तसंच करतो."

आणि त्याने तसंच केलं.

पुढची वेळ आली चार दिवसांनी. मिरजकर बाईंनी रात्रंदिवस खपून घरातल्या एकेका वस्तूचा कागद कापला होता. पलंगाच्या मापाचा कागद, ओट्याच्या मापाचा कागद, खिडक्यांचे, कपाटाचे, बाथरूमचेसुद्धा. ते सगळे भेंडोळी करून, रबर लावून ठेवले होते. महिपतीने टेम्पोतून घेऊन यायचे, एवढंच काम. बाईंनी भेंडोळी त्याच्या हातात दिली. त्याने रबर काढलं, कागद सुटे केले, टेम्पोच्या टपावर ओळीने मांडले, आणि ड्रायव्हरला सांगितलं, "जरा जोरात घे. समोरून वारा लागला पाहिजे."

वारा लागला. पलंग उसात गेला. ओटा एसटीच्या काचेवर जाऊन चिकटला आणि पुढच्या थांब्यावर उतरला. बाथरूम एका शेळीने निम्मी खाल्ली होती ती मालकाने परत आणून दिली. बाईंना सगळे कागद पुन्हा कापावे लागले. पाठ दुखत असताना पुन्हा कापले, आणि महिपतीला एका शब्दाने बोलल्या नाहीत. दाजी मात्र सोडतात होय? ते म्हणाले, अरे, असल्या वस्तूवर वजन ठेवायचं असतं. आणि वजन कुठेही ठेवायचं नाही, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध. मागे लोंबकळलं की गाडीचं नाक उचलतं आणि स्टेअरिंग हाताला लागत नाही. बाईंच्या पाण्याची टाकीसुद्धा मी मधेच बसवतोय ती कशासाठी?

"बरं दाजी, पुढच्या वेळी तसंच करतो."

पुढच्या वेळी काचा होत्या. खिडक्यांच्या चार काचा तालुक्याहून आणायच्या होत्या. महिपतीने या खेपेला टेप बरोबर नेला. टेम्पोच्या पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत मापलं, बरोबर मध्य काढला, खडूने खूण केली. त्या खुणेवर चारही काचा एकावर एक आडव्या मांडल्या. मग त्यांच्यावर सिमेंटची दोन पोती ठेवली. एवढ्यावर भागलं नसेल म्हणून स्वतः वर बसला. वाटेत टेम्पोचं नाक जराही उचललं नाही, हे त्याने आल्याआल्या दाजींना अभिमानाने सांगितलं.

काचा उतरवायला घमेलं लागलं.

दाजींचा आवाज अगदी मऊ होता आणि अनसूयेला त्याचीच भीती वाटली. महिपती, ते म्हणाले, काच आडवी आणायची नसते. उभी आणायची. दोन्ही बाजूंनी गादी लावायची, दोरीने टेम्पोच्या दांड्याला आवळून बांधायची, आणि खड्डा दिसला की गाडी हळू घ्यायची.

"बरं दाजी. पुढच्या वेळी तसंच करतो."

दुसऱ्या काचा दाजी स्वतः जाऊन घेऊन आले. महिपतीला त्यांनी असं काम दिलं ज्यात फुटण्यासारखं काही नव्हतं. पलंगाचं माप अंगावर घ्यायचं होतं, उंची किती, उशाशी किती जागा, हात कुठवर पोचतो. त्यासाठी मिरजकर बाईंना कारखान्यात आणायचं होतं. जा, जपून घेऊन ये, असं दाजी म्हणाले. जपून कसं आणायचं ते महिपतीला आता चांगलंच माहीत होतं.

तर त्या दिवशी सकाळी अकरा वाजता, बाजाराच्या दिवशी, मिरजकर बाई बोरखडीच्या पेठेतून आल्या. उघड्या टेम्पोत. उभ्या. पुढून एक गादी, मागून एक गादी, दोरीचे पाच वेढे, आणि दोन गाद्यांच्या मधून फक्त चष्मा आणि पांढरा अंबाडा दिसत होता. खड्डा आला की महिपती ओरडून ड्रायव्हरला हळू घ्यायला सांगे. पेठेत सगळे त्यांचे विद्यार्थी. भाजीवाले, सोनार, शिंपी, सगळे उठून उभे राहिले आणि नमस्कार करायला लागले. बाईंचे हात बांधलेले होते, त्यामुळे त्या मान हलवून नमस्कार घेत होत्या.

अनसूयेने ते पाहिलं आणि पदराने तोंड झाकून घेतलं. दाजी धावत गेले, गाठी सोडल्या, आणि मेहुण्याकडे असं पाहिलं की बाकी कुणी असता तर गाव सोडून गेला असता. पण बाई गादीतून बाहेर आल्या, कंबरेत वाकून पाहिलं, आणि म्हणाल्या, "रंगनाथ, त्याला रागावू नकोस. तीन वर्षांत पहिल्यांदा गाडीतून उतरल्यावर माझी पाठ दुखत नाहीये."

दाजी बाईंपुढे गप्प बसले. बाई गेल्यावर बसले नाहीत. ते म्हणाले, अरे, ते दुखणाईत माणूस आहे, काच नाही. अशाला आडवं झोपवून आणावं, डोक्याखाली उशी द्यावी, वाटेत दहा वेळा विचारावं, बरं वाटतंय का. माणुसकी म्हणून काही आहे की नाही?

माणुसकीचं नाव निघाल्यावर महिपती ओशाळला. त्याने पुढच्या वेळी तसंच करायचं कबूल केलं आणि रात्री त्याला जेवण गेलं नाही.

तुम्ही आता ओळखलं असेल. पुढच्या वेळी बॅटरी होती.

घरगाडीला दिवे, पंखा, पाण्याचा पंप, म्हणून एक भली मोठी बॅटरी शहरातून आणायची होती. महिपतीने तिला टेम्पोत आडवं केलं. गादीवर. डोक्याकडची बाजू कुठली ते दुकानदाराला विचारून घेतलं आणि तिच्याखाली उशी सरकवली. उशी साधीसुधी नव्हती, अनसूयेच्या रुखवतातली होती, कडेने रेशमी पोपट विणलेली. मग तो तिच्याजवळ बसला आणि वाटेत दहा वेळा विचारलं, बरं वाटतंय का. मोजून दहा वेळा. टेम्पोवाल्याने आरशातून पाहिलं आणि गाडीचा वेग वाढवला.

बॅटरी काही बोलली नाही, पण तिच्या तोंडातून पाणी यायला लागलं. महिपतीने ते हळूच आपल्या धोतराने पुसलं. बोरखडीत पोचेपर्यंत उशीतले पोपट गेले होते, गादीचा कापूस पिवळा पडून बाहेर आला होता, आणि धोतराचं तर विचारूच नका. टेम्पोतून उतरून घरापर्यंत तो पाठ भिंतीला लावून चालत गेला.

दाजींनी हात टेकले. ओरडण्याचीही ताकद त्यांच्यात उरली नव्हती. आठ दिवसांपासून त्यांच्या कुशीत कळा येत होत्या. ते खाली बसले, मेहुण्याला समोर बसवलं आणि अगदी शेवटचं सांगितलं.

"हे बघ महिपती, आजवर सांगितलेलं सगळं विसर. फक्त एक लक्षात ठेव. जे तापतं, गळतं आणि आवाज करतं, ते माणसापासून लांब ठेवायचं. माणूस पुढे, ते मागे. एवढं केलंस तरी पुष्कळ झालं."

"बरं दाजी," महिपती म्हणाला. "माणूस पुढे, ते मागे."

दुसऱ्या दिवशी दाजींना मूतखडा निघाला आणि त्यांना शहरात दवाखान्यात न्यावं लागलं. तो होता बुधवार. पुढच्या मंगळवारी बाई निघायच्या होत्या.

घराचा डबा तोवर तयार झाला होता. दाजींनी तो जमिनीवर ओंडके मांडून त्यांच्यावर बांधला होता. पत्रे ठोकलेले, काचा बसवलेल्या, आत पलंग, ओटा, बाथरूम, कमोड, सगळं. फक्त क्रेनने उचलायचं, चेसिसवर ठेवायचं, बोल्ट आवळायचे आणि वेल्डिंग मारायचं. खाटेवरून दवाखान्याच्या गाडीत चढताना दाजींनी महिपतीला एवढंच सांगितलं आणि बजावलं की डोकं लावायचं नाही. बाईंची तारीख चुकली तर चुकलीच, वर्षभर पुन्हा नाही, आणि पुढच्या वर्षी बाई असतील की नाही देव जाणे. महिपतीने त्यांचे पाय धरले.

शनिवारी क्रेन आली. घर हवेत उचललं गेलं. सगळं गाव बघायला जमलं होतं. घर हळूहळू चेसिसच्या वर आलं, खाली यायला लागलं, आणि एवढ्यात महिपती वाकून चेसिसकडे बघायला लागला. त्याने पाहिलं की इंजिन पुढे आहे. म्हणजे तापणारं, गळणारं आणि आवाज करणारं पुढे, आणि बाईंचा पलंग त्याला जवळजवळ चिकटून. दाजी दवाखान्यात, आणि इकडे दाजींनी सांगितलेलं नेमकं उलटं होत होतं. आणखी दोन मिनिटं गेली असती तर कायमचं झालं असतं.

त्याने दोन्ही हात वर करून क्रेन थांबवली. इंजिन मागे नेता येईल का, असं त्याने क्रेनवाल्याला विचारलं. क्रेनवाला म्हणाला की इंजिन चेसिसला जखडलेलं आहे, मी फक्त घर फिरवू शकतो, तुम्ही म्हणाल त्या बाजूला तोंड करून ठेवतो, मला काय. महिपतीला ते एकदम पटलं. इंजिन हलत नसेल तर घर हलवावं.

घर फिरवलं. पलंगाचं टोक इंजिनापासून जितकं लांब जाईल तितकं लांब गेलं. बोल्ट त्याने असे आवळले की पुन्हा कुणाला सुटू नयेत, आणि वर रविवारभर बसून जाड वेल्डिंग मारलं. दाजींनी सांगितलेलं पहिल्यांदा अक्षरशः पार पडलं होतं. रात्री तो पोटभर जेवला आणि अनसूयेला म्हणाला, ताई, बघ, आता तुला कुणी बोलणार नाही. अनसूयेच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने देवापुढे साखर ठेवली.

सोमवारी सकाळी दाजी दवाखान्यातून सुटले आणि रिक्षाने थेट कारखान्यात आले. बाईही आल्या, भाच्याच्या गाडीत मागच्या सीटवर आडव्या होऊन. पूजेचं ताट तयार होतं. हळद, कुंकू, चार चाकांखाली ठेवायला चार लिंबं, आणि नारळ. दाजींनी नारळ हातात घेतला आणि गाडीच्या पुढे निघाले.

गाडीचा पुढचा भाग त्यांना सापडेना.

एका टोकाला मोठी काच होती, पण इंजिन नव्हतं. ते फिरून दुसऱ्या टोकाला गेले. तिथे इंजिन होतं, पण काच नव्हती. एक कोरा पत्रा होता आणि उजव्या बाजूला वर वीतभर झरोका, त्याला धुरकट काच. दाजींनी नारळ घेऊन गाडीला दोन फेऱ्या मारल्या. लोकांना वाटलं, घरगाडीची पूजा अशीच असेल. दोघातिघांनी मागून फेऱ्या मारायला सुरुवात केली. तिसऱ्या फेरीला दाजींच्या लक्षात आलं आणि ते समोरच्या टायरवर बसले. नारळ हातातच राहिला.

तेवढ्यात बाई आत चढल्या होत्या. दार रस्त्याच्या बाजूला आलं होतं, पण त्यांना त्याचं काही वाटलं नाही. पलंगावर त्या आडव्या झाल्या. समोर मोठी काच, काचेतून सगळा हमरस्ता आणि पलीकडची डोंगरांची रांग. त्यांनी आतूनच हाक मारून सांगितलं की इंजिन चालू करून बघा, आवाज कितपत येतो ते कळू दे. महिपती घाईघाईने कुठेतरी आत गेला. बाहेर गाडी थरथरली आणि इंजिन धडधडायला लागलं. दाजी टायरवरून उठले आणि दारात येऊन उभे राहिले.

थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "अरे, चालू करा म्हटलं ना?"

चालूच आहे, असं दाजींनी सांगितलं. बाईंना खरं वाटेना. त्यांनी भिंतीला हात लावला, जमिनीला लावला. ताप नाही, धग नाही, लांब कुठेतरी जातं फिरत असावं इतकाच आवाज. त्यांनी डोळे मिटले आणि त्यांच्या चष्म्याखालून पाणी आलं. रंगनाथ, त्या म्हणाल्या, तू मला म्हणाला होतास की एक हवं तर एक सोडावं लागतं, आणि तू मला सगळं दिलंस. आता मी जाणार. उद्याच निघायचं.

दाजींचा जीव थोडा भांड्यात पडला. बाई खूश आहेत, गाडी चालू आहे, मग बिघडलं कुठं, असं त्यांना क्षणभर वाटलं. मग त्यांनी ड्रायव्हरच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची मोठ्या काचेशी होती. तिच्यापुढे स्टेअरिंग नव्हतं. गिअर नव्हता. काहीच नव्हतं. खुर्चीवर मोगऱ्याचा गजरा ठेवलेला होता.

त्यांनी महिपतीला हाक मारली आणि विचारलं, तू गाडी चालू केलीस ती कुठून.

आतल्या बाजूने, ओट्याच्या पलीकडून, बंद दारामागून आवाज आला. "इकडं आहे दाजी."

दाजींनी बाथरूमचं दार उघडलं. महिपती कमोडवर बसला होता. झाकण लावून, पाठ ताठ, दोन्ही हात स्टेअरिंगवर. स्टेअरिंग जमिनीतून वर आलं होतं, त्यासाठी त्याने पत्र्याला नीट गोल भोक पाडलं होतं. गिअरची दांडी नळाच्या शेजारी उभी होती. बसण्याची उंची अगदी बेताची जमली होती, जणू दाजींनीच मापून दिली होती. समोर धुरकट काचेचा झरोका होता आणि त्यातून काहीही दिसत नव्हतं.

माणूस पुढे, इंजिन मागे, महिपती म्हणाला. त्याने मान वर करून दाजींकडे पाहिलं आणि शाबासकीची वाट बघत राहिला.

मागोमाग बाई भिंतीला धरत धरत आल्या आणि त्यांनी आत डोकावलं. आधी त्या कमोडकडे बघत राहिल्या, मग स्टेअरिंगकडे, मग महिपतीच्या मिशांकडे. मग त्या हसायला लागल्या. पाठ धरून हसल्या, ओट्याला टेकून हसल्या, आणि नको नको म्हणत पुन्हा हसल्या. दाजी मात्र रडकुंडीला आले होते. घर सोडवून पुन्हा फिरवायचं तर वेल्डिंग कापा, क्रेन बोलवा, पंधरा दिवस कुठं गेले नाहीत. आणि बाईंचं ऑपरेशन पंचविसाव्या दिवशी.

बाईंनी डोळे पुसले आणि विचारलं की झरोक्याच्या जागी मोठी काच किती वेळात बसेल. पत्रा कापायचा, चौकट मारायची, दुपारपर्यंत होईल, असं दाजी म्हणाले. मग काप, बाई म्हणाल्या. ड्रायव्हर कुठं बसतो आणि मला रस्ता पुढचा दिसतो की मागचा, याच्याशी मला काही करायचं नाही. मला समुद्र बघायचाय.

दाजींनी टेप काढला. कुशीवर एक हात दाबून धरत ते झरोक्याची मापं घ्यायला लागले. लांबी घेतली, रुंदी घेतली, खडूने रेघ ओढली. अर्ध्या रेघेवर त्यांचा हात थांबला. त्यांनी वळून पाहिलं. महिपती अजून कमोडवरच बसला होता, कारण त्याला ऊठ असं कुणी सांगितलं नव्हतं.

"महिपती," दाजी म्हणाले, "वाटेत बाईंना इथं यायची वेळ आली तर?"

"ड्रायव्हरनं उठायचं. बाहेर जायचं. दार लावून घ्यायचं."

"आणि तेवढा वेळ गाडी कोण चालवणार?"

महिपतीने दाजींकडे पाहिलं. दवाखान्यातून आलेला माणूस आहे, अजून नीट सुचत नसेल, असं त्याला वाटलं. त्याने आवाज मऊ केला.

"कोण म्हणजे, बाई. त्या इथं बसलेल्याच असणार की."